मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो: स्वस्तातली इटालियन रेड घरी नीट कशी प्यावी

स्वस्त रेड वाइनबद्दल आपल्याकडे तक्रारी ठरलेल्या: आंबट आहे, तुरट आहे, घशात जळजळते. पण ती प्यायली कशी जाते तेही पाहा. खोलीत ३२ अंश तापमान, बाटली दिवसभर फडताळात, ग्लास काठोकाठ भरलेला आणि सोबत मसाला शेंगदाणे. असं केलं तर बारोलोसारखी नावाजलेली बाटलीही कडवट आणि दारूच्या वासाची लागेल. साधी इटालियन रेड जेवणाच्या पानाशेजारी ठेवायला केलेली असते. तिचा गारवा आणि तिच्यासोबतचं जेवण एवढं सांभाळलं, तर तिप्पट किमतीची बाटली आणून होणार नाही इतका फरक पडतो. गारवा आणि जेवण दोन्ही आपल्या हातात असतं, त्यामुळे इथे भरही त्यांवरच देतो.

सगळ्या इटलीबद्दल एकाच लेखात बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एकच वाइन घेतो: मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो. मराठी जेवणाऱ्याने सुरुवात हिच्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं.

ही कुठली आणि स्वस्त का?

आब्रुत्सो हा रोमच्या पूर्वेचा प्रदेश. पश्चिमेला ग्रान सास्सो आणि मायेल्लाचे डोंगर, त्यांतलं सर्वात उंच शिखर कोर्नो ग्रांदे २९१२ मीटर, पूर्वेला एड्रियाटिक समुद्र, मधे टेकड्या. या टेकड्यांवर मोंतेपुल्चानो नावाचं काळं, उशिरा पिकणारं द्राक्ष होतं. बहुतेक माल किएती जिल्ह्यातून येतो. १९६८ मध्ये या वाइनला 'डीओसी' म्हणजे नियंत्रित उगमाचा दर्जा मिळाला. बाटलीत किमान ८५ टक्के मोंतेपुल्चानो द्राक्षच असावं लागतं.

इथले डोंगरी लोक मेंढपाळ. शेकडो वर्षं ते थंडीच्या आधी कळप घेऊन डोंगर उतरत आणि दक्षिणेला पुलिया प्रांतातल्या फोज्जाच्या मैदानापर्यंत चालत जात. लाक्विला ते फोज्जा ही वाट सुमारे २४४ किलोमीटरची. आपले धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, तीच ही रीत. म्हणून आब्रुत्सोच्या जेवणात मेंढीचं मटण आणि मेंढीच्या दुधाचं चीज आहे. शिवाय लाल मिरचीही आहे. इटालियन जेवण म्हणजे फिकं, असं ज्यांना वाटतं त्यांना आब्रुत्सो माहीत नसतो. ही वाइन अशा जेवणाबरोबर वाढलेली असल्यामुळेच आपल्या ताटाशी तिची ओळख लवकर होते.

स्वस्ताईची कारणंही साधी आहेत. तिथे द्राक्षवेल परंपरेने मांडवावर चढवतात, त्याला 'तेंदोने' म्हणतात. तासगाव किंवा नाशिककडची मांडवाची बाग पाहिली असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईलच. पानांच्या सावलीत घड उन्हापासून वाचतात आणि उताराही भरपूर मिळतो. तोल्लो, ओर्तोना अशा गावांतल्या मोठ्या सहकारी संस्था शेकडो छोट्या शेतकऱ्यांची द्राक्षं घेऊन वाइन करतात. साधी बाटली बहुधा स्टीलच्या किंवा काँक्रीटच्या टाकीत तयार होते. महागड्या ओक पिंपाचा खर्च नाही, वर्षानुवर्षं तळघरात ठेवण्याचा खर्च नाही. इटलीतल्या सुपरमार्केटात पाच-सात युरोंत चांगली मिळते. लंडन किंवा ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या मराठी माणसालाही ती परवडते. भारतात मात्र आयातशुल्क आणि राज्याचे कर चढत जातात आणि तीच बाटली काही पटींनी महाग पडते.

बाटली निवडताना

सर्वात मोठा घोळ नावाचा. 'वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो' ही वेगळी वाइन. ती तोस्कानातल्या मोंतेपुल्चानो या गावची, द्राक्ष सांजोवेझे, आणि किंमतही जास्त. आपल्याला हवी आहे ती बाटली 'दाब्रुत्सो' असं लिहिलेली.

लेबलवर साल पाहा. साध्या बाटलीला वय वाढल्याने फायदा होत नाही. सालापासून तीन-चार वर्षांच्या आतली घ्या. दुकानदार 'जुनी आहे, छान असेल' म्हणत सात वर्षांपूर्वीची साधी बाटली पुढे करत असेल तर नको म्हणा. 'रिझेर्वा' लिहिलं असेल तर ती किमान दोन वर्षं मुरवलेली असते, थोडी जास्त टिकते आणि महागही असते. 'कोल्लिने तेरामाने' ही तेरामो जिल्ह्यातल्या टेकड्यांवरची वरच्या दर्जाची वाइन; २००३ पासून तिला 'डीओसीजी' हा त्याहून कडक दर्जा आहे. ती सणावाराला ठेवा. अल्कोहोल १२.५ ते १३.५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर घरच्या जेवणाला बरं.

आपल्या हवेत आणखी एक तपासणी हवीच. बाटली बंदरावर, गोदामात, टेम्पोत किती तापली हे कोणी सांगणार नाही, पण बूच सांगतं. वरच्या वेष्टनाखाली बूच फुगून वर आलेलं जाणवतंय का? गळ्याशी चिकट ओघळ आहे का? बाटलीतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का? यातलं काहीही दिसलं तर ती बाटली ठेवून द्या. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली कधीच घेऊ नका. फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडायचं कारण नाही. या किमतीत ते बुचापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट: वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा किंवा जिलेटिन वापरतात. ते पाळायचं असेल तर 'व्हीगन' असं स्पष्ट लिहिलेली बाटली शोधा.

आयात बाटली मिळालीच नाही, तर जवळची वाट सोलापूर जिल्ह्यात आहे. अकलूज परिसरात फ्रातेल्लीच्या बागांत सांजोवेझे हे इटलीचं द्राक्ष लावलेलं आहे आणि त्याची रेड वाइन मिळते. द्राक्ष वेगळं, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिलाही तशाच लागू पडतात. महाराष्ट्रात मद्य घेण्यासाठी वयाची अट आणि परवाना आहे. तो आधी काढा.

घरी आणल्यावर

आठ-दहा दिवसांत उघडणार असाल तर बाटली सरळ फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत. त्याहून जास्त दिवस ठेवायची असेल तर घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा शोधा आणि बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच सुकत नाही. स्वयंपाकघरातला माळा, फ्रिजचं डोकं आणि गॅसशेजारचं कपाट या तीन जागा वर्ज्य. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फ्रिजखेरीज जागाच नाही असं समजा.

गार करणं, म्हणजे निम्मं काम

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आलं. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. ठाण्यातली किंवा नागपुरातली खोली नव्हे. मोंतेपुल्चानोला १५-१६ अंश सगळ्यात छान. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास दबतो. दहा अंशांच्या खाली गेली की वास मिटतो आणि तुरटपणा वर येतो.

बाटली ३० अंशांच्या खोलीत असेल तर साध्या फ्रिजमध्ये तिला १५-१६ अंशांवर यायला दीड ते दोन तास लागतात. म्हणजे कणीक मळायला घ्याल तेव्हाच बाटली आत टाका. पाहुणे दारात आले आणि आठवण झाली, तर पातेल्यात किंवा बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. बारा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका. पाणी असलं तरच गारवा काचेला सगळीकडून भिडतो. फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर पाऊण तासाचा गजर लावून ठेवा, कारण विसरलेली बाटली फुटते.

गारवा पुरेसा झाला का, हे बाहेर आलेल्या दवावरून ठरवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बाटली २० अंशांवर असतानाही काचेवर थेंब उभे राहतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पहिल्या ग्लासात बुडवून पाहा. नसेल तर घोट जिभेवर स्पष्ट गार लागला पाहिजे, पण दातांना झोंबता कामा नये. फार गार झाली असेल तर घाबरायचं काम नाही. ग्लासात दहा-पंधरा मिनिटांत ती आपोआप जागेवर येते. म्हणून चूक करायचीच तर जास्त गारकडे करा. आणि बाटली जेवणभर टेबलावर ठेवू नका, प्रत्येक वेळी ओतून परत फ्रिजमध्ये.

उघडणं

वेटरकडे असतो तो दोन टप्प्यांचा घडीचा स्क्रू घ्या. पंख असलेल्या मोठ्या स्क्रूपेक्षा तो स्वस्त असतो आणि बरा चालतो. गळ्याच्या कडेखालून वेष्टन कापा, कापडाने कड पुसा. स्क्रूचं टोक बुचाच्या बरोबर मध्ये रोवा आणि सरळ फिरवा, शेवटचा एक वेढा बाहेर ठेवा. पहिल्या खाचेवर टेकू देऊन अर्धं बूच वर आणा, मग दुसऱ्या खाचेवर उरलेलं. शेवटचा सेंटिमीटर हाताने, हलकेच. बूच तुटलं तर उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून ओढा. तेही जमलं नाही तर तुकडा आत ढकला आणि वाइन चहाच्या स्वच्छ गाळणीतून जगमध्ये गाळा. चवीत काही बिघडत नाही.

पहिला वास, पहिला घोट

दोन बोटं वाइन ओता, ग्लास गोल फिरवा, वास घ्या. काळी चेरी, आलुबुखार, थोडा ओरेगानोसारखा सुक्या पाल्याचा वास यावा. रंग गडद, कडेला जांभळट. या द्राक्षाचा रंग इतका दाट की दात आणि टेबलक्लॉथ दोन्ही रंगतात.

आता या वाइनची खास खोड. उघडल्याबरोबर तिला कधी कधी उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास येतो. मोंतेपुल्चानो द्राक्षाचा तो स्वभावच आहे: हवा न लागता टाकीत राहिली की गंधकाचे वास साठतात. असं झालं तर बाटली खराब म्हणून ओतून देऊ नका. मोठ्या काचेच्या किंवा स्टीलच्या जगमध्ये हातभर उंचीवरून धार सोडून ओता, जग चांगला हलवा आणि अर्धा तास ठेवा. बहुतेक वेळा वास निघून जातो आणि खालचं फळ वर येतं. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात मात्र चुकूनही ओतू नका. वाइन आंबट असते. ताक कळकतं तशी तीही कळकते आणि तब्येतीला अपाय करते.

ओलसर पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या खोलीतल्या जुन्या वर्तमानपत्रांचा वास आला तर तो बुचाचा दोष. तो हवेने जात नाही, वाढतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा उग्र वास आला तर वाइन मेली. या दोन्ही बाटल्या दुकानात परत न्या.

पहिला घोट रिकाम्या तोंडी घेऊन निकाल देऊ नका. कोऱ्या चहाने जीभ आक्रसते तसा तुरटपणा जाणवेल, तो टॅनिनचा. एक घास भाकरीचा लोण्याबरोबर किंवा चीजचा तुकडा खाऊन दुसरा घोट घ्या. टॅनिनला प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते जिभेला सोडून त्यांना धरतं आणि वाइन एकदम मऊ होते. हा फरक एकदा स्वतः चाखून पाहा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

ग्लासबद्दल फार चिंता नको. तोंडाशी किंचित निमुळता, पातळ काचेचा कुठलाही चालेल. एक तृतीयांशच भरा. मात्र ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासचा वास घ्या. लिंबाच्या डिशवॉशचा किंवा कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास वाइनपेक्षा आधी नाकात जातो.

पानात काय असावं

आब्रुत्सोत या वाइनबरोबरचा राजा पदार्थ म्हणजे आर्रोस्तिचीनी: मेंढीच्या मटणाचे जेमतेम सेंटिमीटरभराचे तुकडे बारीक काडीवर ओवून, लांबट अरुंद शेगडीवर निखाऱ्यांवर भाजलेले. मसाला नाही, शेवटी फक्त मीठ. काडी हातात धरून दातांनी ओढून खातात, बरोबर ऑलिव्ह तेल लावलेला पाव.

हे आपल्या गच्चीत सहज होतं. खाटकाकडून शक्यतो मेंढीचं, नाहीतर कोवळ्या बोकडाचं मांडीचं मटण हाडाविना घ्या, चरबी वेगळी मागून घ्या. चौघांना पाऊण किलो पुरे. मटण फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या, म्हणजे बारीक चौकोनी तुकडे नीट कापता येतात. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. दर तीन-चार तुकड्यांमागे चरबीचा एक तुकडा ओवा आणि सगळे एकमेकांना घट्ट चिकटवा, मोकळे ठेवले तर सुकतात. कोळशावर राखेचा पांढुरका थर आला, ज्वाळा मावळल्या, की काड्या ठेवा. सारख्या फिरवत पाच-सहा मिनिटं. चरबी थेंब थेंब निखाऱ्यावर पडून चुरचुरते आणि तोच धूर मटणाला लागतो. उतरवताना मीठ. शेगडी नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून त्यावर करा. याच्याबरोबर १५ अंशांची मोंतेपुल्चानो घेतली की ही वाइन अशीच का केलीय ते कळतं.

आपल्या रोजच्या जेवणात तिचं सर्वात चांगलं जमतं ते सुक्या मटणाशी, म्हणजे कांदा-खोबरं भाजून घातलेल्या पण तिखट आवरलेल्या सुक्क्याशी. शेंगदाणे-तिळाचं भरलं वांगं, अख्खा मसूर, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, ही शाकाहारी पानंही छान: सगळ्यांत स्निग्धपणा आहे, भाजल्याचा खमंगपणा आहे. टोमॅटोत शिजवलेला खिमा आणि पास्ता तर हमखास.

जमत नाही ते आधीच सांगतो. झणझणीत तांबडा रस्सा किंवा सावजी: अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि टॅनिन त्यात खरखर घालतं. त्याच्याबरोबर पाणी आणि भाकरीच बरी. तळलेला बांगडा किंवा सुरमई: रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात पत्र्याची, हिंवस चव येते. माशासाठी याच द्राक्षाची 'चेरास्वोलो दाब्रुत्सो' ही फिकट लाल, गार प्यायची वाइन मिळाली तर घ्या. सोलकढी, चिंच-गुळाची आमटी आणि श्रीखंड यांच्यापुढे वाइन नुसती आंबट लागते. गोड पदार्थ आला की ग्लास संपलेला असावा.

किती

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एक ग्लास, फार तर दोन, आणि प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून पिऊ नका. ती औषध नाही, चवीसाठी घ्यायची गोष्ट आहे. गरोदर बाईने, यकृताचा त्रास किंवा अल्कोहोलशी न जुळणारी औषधं असणाऱ्याने घेऊ नये. गाडी चालवायची असेल तर एक ग्लासही नको.

उरली तर

बाटली टेबलावर रात्रभर उघडी राहिली की आपल्या हवेत सकाळी ती गेलेलीच असते. जेवण संपायची वाट न पाहता, उघडल्या उघडल्याच निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ धुतलेल्या, सुकवलेल्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये टाका. वर हवाच नसल्यामुळे ती चार-पाच दिवस चांगली राहते. नुसतं बूच लावून मूळ बाटलीत ठेवली तर दोन-तीन दिवस. त्यानंतरची वाइन पिऊ नका, पण फेकूही नका: मटण परतून झालं की पातेल्यात अर्धी वाटी घाला, तळाला धरलेला मसाला उलथन्याने खरवडून घ्या, वाइन निम्मी आटू द्या आणि मगच गरम पाणी घालून झाकण ठेवा.